अंगठा न देणाऱ्या गावात

वार्षिकांकासाठी प्रवासवर्णन लिही, असं आमच्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. प्रवासवर्णनं लिहिणारी माणसं बोटीने, विमानाने जातात. मी जालन्याच्या स्टँडवर एसटीत बसलो आणि कळंबोलीला उतरलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे असं काही कसं लिहितात हे विचारायलाही घरात कुणी नाही. तेव्हा चुकलं-माकलं तर वाचकांनी पोटात घालावं, एवढीच विनंती.

नाही म्हणण्याचं आणखी एक कारण होतं. त्या प्रवासात एका बाईला मी शब्द दिला होता, आणि तो पुरा झाल्याशिवाय त्या गावाबद्दल एक ओळही लिहायची नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. जवळजवळ वर्ष गेलं. आता लिहायला हरकत नाही. का, ते शेवटी येईलच.

गेल्या हिवाळ्याची गोष्ट. सरांच्या हाती मुंबईच्या एका युवक गटाचं पत्रक आलं. अण्वस्त्रं नकोत हे लोकांना सांगण्यासाठी नवी मुंबईत सायकल फेरी काढणार होते. बाहेरगावाहून येणाऱ्याने एक पांढरं कापड आणायचं, त्यावर आपल्या गावच्या लोकांच्या सह्या घ्यायच्या, उरलेल्या जागेवर फेरीत भेटणाऱ्यांच्या. सगळी कापडं जोडून एक लांब चादर होणार होती आणि परदेशात युवकांचा मोठा मेळावा भरणार होता तिथे ती जाणार होती. सरांनी वर्गात विचारलं, कोण जाईल? कुणी हात वर केला नाही. माझा वर गेला, आणि मग खाली घ्यायची लाज वाटली.

वडिलांचं एक नवं धोतर आईने ट्रंकेतून काढून दिलं. ग्रामपंचायतीतून शाईची डबी आणली. आमच्या वस्तीत एका संध्याकाळी अर्धं धोतर भरलं. आई चुलीपुढून उठली, अंगठा टेकवला, पदराला पुसला आणि परत भाकरी थापायला बसली. कशासाठी, असं कुणीच विचारलं नाही. पोरगा शिकतोय, सांगतोय तर लावा, एवढंच. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला होता.

कळंबोली

कळंबोलीला माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, लोखंडाच्या वखारीत माल चढवतो. सगळीकडे सळया, पत्रे, गंजाचा लाल धुरळा आणि ट्रक. एवढे ट्रक मी एका जागी कधी पाहिले नव्हते. ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून पंजाबी ड्रायव्हर रोट्या भाजत होते, एकजण आरशाचा तुकडा चाकावर ठेवून दाढी करत होता. आमच्याकडे माणसं बाजाराला जातात. इथे बाजारच चाकांवर उभा होता.

मामाने मला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "कामून आलास रे भाच्या? घरी सगळं ठीक हाय ना?"

"ठीक आहे मामा. अणुबॉम्बविरुद्ध सायकल फेरी आहे."

मामा जोडीदारांकडे वळून ओरडला, "ऐका रे! माझा भाचा अणुबॉम्ब बंद कराया आलाय! बाबा, पहिलं त्या समोरच्या ट्रकाचा हॉर्न बंद कर. लई पुण्य लागंल."

सगळे हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली. जेवताना मात्र मामा गंभीर झाला. सरांनी सांगितलेलं सगळं मी त्याला सांगितलं. हिरोशिमा, नागासाकी, त्यानंतर जगात साठवलेले बॉम्ब. तो भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होता.

"आम्ही लोखंड चढवतो," तो म्हणाला, "पुढं त्याची सळई होती का बंदुकीची नळी, आम्हाला कोन सांगतं? दे ते धोतर इकडं." मामाला सही येते. त्याने आईच्या अंगठ्याशेजारी वळणदार सही केली.

सकाळी उठून पाहतो तर त्याने माझ्यासाठी सायकल भाड्याने आणली होती आणि तिच्या साखळीला तेल पाजत बसला होता. "लोण्यासारखी पळंल," म्हणाला. तेल इतकं घातलं होतं की खाली थेंब पडत होते. मामाचं प्रेम असंच असतं, मापात नसतं. त्याचे परिणाम पुढे सांगतो.

पावणे

आम्ही दहा-बारा जण होतो. पुढे माधुरी. ती वाशीला राहते, विज्ञान शिकते, सायकल चालवताना बोलते आणि बोलताना मागे वळून बघते, त्यामुळे तिच्या मागे राहणाऱ्याला सतत धाकधूक. मी तिला "अहो" म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "ए, अहो काय? मी काय तुझी मुख्याध्यापिका आहे का? तू म्हण. टेन्शन घेऊ नकोस." मला ते जमायला दोन दिवस लागले.

दुसरा दिनेश. तो खाडीकाठच्या एका आगरी गावातला, पनवेलला शिकणारा. त्याच्याकडे चित्रांची गुंडाळी होती. जपानच्या त्या दोन शहरांची मोठी केलेली छायाचित्रं.

ठाणे-बेलापूर रस्त्याने पावणे गावाकडे जाताना वास बदलत जातो. एका कारखान्याशी औषधाचा, पुढच्याशी कुजक्या अंड्यांचा, मग एकदम बिस्किटांचा. आमच्याकडे वासावरून ऋतू कळतो. इथले लोक वासावरून बस स्टॉप ओळखतात, असं दिनेश म्हणाला, आणि डोळे मिटून दोन ओळखून दाखवले.

पावण्याला जेवणाच्या सुट्टीत कामगार बाहेर आले. कुणी कोकणातले, कुणी आमच्या मराठवाड्यातले. "जालन्याचा हाय का तू? मग आण पेन!" असं म्हणून एकाने सही केली. दुसऱ्याने धोतर उलटं-पालटं करून पाहिलं. "वर युनियनचं नाव नाय ना? मग करतो. युनियनचं असतं तर सायबाने दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं." सह्या भराभर झाल्या. जेवणाचा भोंगा परत वाजला आणि रस्ता रिकामा झाला.

मी खुशीत धोतर गुंडाळून कॅरियरला बांधलं. गाठ सैल राहिली असावी. तिथून खाडीकडे उतरताना एक टोक सुटलं आणि साखळीत गेलं. सायकल थांबली तेव्हा रिकाम्या राहिलेल्या भागावर आडवा काळा पट्टा उमटला होता, मामाच्या तेलाचा.

माधुरीने पाहिलं आणि म्हणाली, "मिलिंद, आता सगळ्या जगाला तुझ्या सायकलचं ऑइल दिसणार."

ती चेष्टा करत होती. मी मात्र रस्त्याच्या कडेला बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. वडिलांनी ते धोतर अजून अंगाला लावलं नव्हतं.

खाडीकाठी

या गावाचं नाव मी लिहीत नाही. तशी मला ताकीद आहे.

दिनेशच्या घरी मुक्काम होता. त्याच्या बहिणीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं, दारात मांडव घातला होता, आणि तरीही एवढ्या पाहुण्यांना पाहून कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. मला मात्र समुद्र पाहायचा होता. आयुष्यात पाहिला नव्हता. दिनेश मला गावामागे घेऊन गेला. पुढे मैलभर काळा चिकट चिखल, त्यात उड्या मारणारे बोटभर मासे आणि दूर एक पाण्याची रेघ.

"हा समुद्र?" मी विचारलं.

"ही खाडी. पानी आता सुट्टीवर हाय. दोन तासांनी ये, ड्युटीवर आलेला असंल."

दोन तासांनी खरंच पाणी आलं, सगळा चिखल झाकला गेला. एका बाजूला मिठागरं होती, चौकोनी वाफे आणि पांढऱ्या मिठाचे ढीग. आमच्याकडे ज्वारीच्या राशी असतात तसे. पलीकडच्या काठावर अणुकेंद्राचे घुमट दिसत होते. मी बोट केलं तर दिनेश म्हणाला, "तिकडं आमच्या गावचे पन कामाला हायत. पगार चांगला." बॉम्बविरुद्ध फेरीत निघालेला दिनेश हे सहज म्हणाला, आणि मला त्यात खोटं काही वाटलं नाही.

संध्याकाळी ऊन कलल्यावर गावदेवीच्या देवळापुढे सभा झाली. माधुरी बोलली. चित्रं हातोहात फिरली. एक चित्र दगडी पायऱ्यांचं होतं. बॉम्ब पडला तेव्हा तिथे कुणीतरी बसलेलं होतं. माणूस उरला नव्हता, पायरीवर त्याची सावली उरली होती. ते चित्र दिनेशच्या बायजाकाकीने, म्हणजे त्याच्या थोरल्या चुलतीने, बराच वेळ हातात धरलं. उंच, सावळी, काष्टा घातलेली, नाकात नथ नसली तरी नथ असल्यासारखी बोलणारी बाई.

"म्हंजे मानूस जेला, नि डाग रवला," ती हळूच म्हणाली. माणूस गेला आणि डाग राहिला.

लोक हेलावले होते. सगळं छान चाललं होतं. म्हणून मी पुढे झालो, धोतर पसरलं आणि खिशातून शाईची डबी काढून झाकण उघडलं.

त्या क्षणी जे झालं ते मी कधी विसरणार नाही. कुणी ओरडलं नाही. फक्त बसलेली माणसं थोडी मागे सरकली. लहान मुलं सुद्धा. गावातले सर्वांत वयस्कर धर्माबाबा काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "डबी बंद कर, पोरा. आदी चा पी."

मी म्हणालो, "बाबा, हा सरकारी कागद नाही. साधं कापड आहे."

"कागद निदान फाटतं तरी," बाबा म्हणाले. "कापड तर टिकतंय!"

मागे हशा झाला, पण पुढे कुणी आलं नाही. दिनेशने मला बाजूला घेतलं. तो माझ्यावर रागावला नव्हता, स्वतःवर रागावला होता. "मी सांगायला पायजे होतं. नवं शहर बांधायला आमची शेतं घेतली ना, तेव्हा अशीच डबी आलेली. काहीतरी वाचून दाखवलं, अंगठे घेतले. मी लहान होतो. तेव्हापासून त्या डबीचं झाकण वाजलं तरी आमच्यातली माणसं उठून जातात."

माधुरीने लगेच तोडगा काढला. अंगठा नको तर पूर्ण हात उमटवू, रंगात बुडवून. ती उत्साहाने उठून तसं बोलली. धर्माबाबांनी भुवया उंचावल्या.

"पंजा? पोरी, विलेक्शनला उभी रवलीस का काय? आमचा गाव दुसरे निशानीचा हाय!"

यावेळी हसू इतकं मोठं झालं की माधुरीही खाली बसून हसायला लागली. सभा आनंदात संपली. चहा झाला. धोतराचा तो भाग मात्र कोरा राहिला, मधून काळा पट्टा तेवढा.

चिंबोरी

बायजाकाकीने आम्हाला जेवायला बोलावलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, मऊ, पदरासारखी घडी घालावी अशी. आमची ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की टणटणते, ही बोलतच नाही. आणि ताटात चिंबोरीचं कालवण. चिंबोरी म्हणजे खाडीतला खेकडा. लाल रश्श्यातून त्याचा एक पाय माझ्याकडे बघत होता. मी त्याला भाकरीने झाकलं. काकीने पाहिलं.

"जालन्याचा पोर चिंबोरीला घाबरला," ती सगळ्यांना सांगू लागली, "नि बॉम्ब थांबवाला निंगालाय!"

मग तिनेच माझ्या शेजारी बसून पाय कसा मोडायचा, आतला गर कसा ओढायचा ते दाखवलं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने. चौथ्या घासाला मी दुसरी चिंबोरी मागितली. अशी चव मी तोवर घेतली नव्हती आणि ती इथे लिहून सांगता येईल असं वाटत नाही.

हात धुताना तिने विचारलं, "तुजे आयशीन लावला का अंगठा त्यावर?"

"हो. आमच्या सगळ्या वस्तीने लावला."

"इचारला का तिना, कंय नेतंस म्हून?"

"नाही."

"एकदा पन नाय? कुठं नेतोस, कोनाला देतोस, कायच नाय?"

मी मान हलवली. "ती माया हाय," काकी म्हणाली. "पन अंगठा देताना इचारावा. आमी नाय इचारला."

माझा तो अभिमान, अर्ध्या धोतराचा, तिथेच कुठेतरी उतरला. तो उतरला याचं वाईट वाटलं नाही, हलकं वाटलं.

हळद

दुसऱ्या दिवशी हळदीचा कार्यक्रम होता. माधुरी म्हणाली, "इथलं कोरंच राहू दे. कोरं आहे हेही त्यांचंच म्हणणं आहे." मला ते पटलं. पण दिनेशचं तोंड उतरलं होतं. साऱ्या फेरीत फक्त त्याच्याच गावाची खूण चादरीवर नसणार होती.

सकाळपासून बायका जात्यावर हळद दळत होत्या आणि गात होत्या. आमच्याकडे हळद लागते ती नवरा-नवरीला. इथे ती गावाला लागते. अंगण, उंबरा, पाहुणे, माझी सायकल, काही सुटलं नाही. दुपारी काकीने दिनेशला हाक मारली. "यो पायरीचा चित्र आन परत. नि तुज्या मैतराचा धोतर."

तिने चित्र पुन्हा पाहिलं. उजेडात धरून, नीट. मग धोतर मांडवात पसरायला लावलं, काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यो काय?"

"सायकलचं तेल," मी ओशाळून म्हणालो.

"बरा हाय. वाट झाली."

तिने परातीतली ओली हळद हाताला लावली. मूठ आवळली, आणि मुठीची कड, करंगळीकडची बाजू, कापडावर टेकवली. मग बोटांच्या टोकांनी वर पाच ठिपके दिले. मूठ उचलली तेव्हा तिथे एक लहानसं पाऊल होतं. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा दारापासून देव्हाऱ्यापर्यंत बायका अशीच पावलं काढतात, पिठाच्या पाण्याने, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की हाताचा पाय झाला.

"अंगठा नाय, पंजा नाय," काकी म्हणाली. "ही गवरीची पावला. ही घरान येतात. घरातना कुनाचा काय नेत नाय."

एक म्हातारी हरकत घेऊ लागली. "अगं बायजा, गवर भादव्यान येते. यो माघ हाय!"

"मंग काय झाला? बॉम्ब काय भादव्याची वाट बगनार हाय?"

म्हातारीने यावर विचार केला आणि बाह्या सारल्या. मग बायकांची रांगच लागली. काळ्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांनी पिवळी पावलं चालू लागली. नवरीनेही एक काढलं. पुरुष लांबून बघत होते. शेवटी धर्माबाबा आले.

"ही तर बायकांची पावला. आमी काय कराचा?"

"मूठ तर हाय ना, बाबा? का तीपन इकली?" काकी म्हणाली.

बाबांनी त्यांची थोरली मूठ टेकवली. नवरीने पाहिलं आणि किंचाळली, "बाबा, गवर नाय, यो तर रेडा आला!" बाबांनी मान वर केली आणि इतके हसले की काठी पडली.

शेवटी काकी माझ्याकडे वळली. "तू काड आता." मी घुटमळलो. आम्ही बौद्ध. आमच्या घरात गौरी बसत नाहीत, आणि कुणाच्या देवाची खूण उगाच काढावी असं मला वाटेना. हे सांगायलाही जीभ रेटेना, पण सांगितलं.

तिला राग आला नाही. "तुमचा देव कंचा?"

"देव नाही म्हणत आम्ही. बुद्ध."

"तो काय करायचा?"

"चालायचा," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही. "गावोगाव. शेवटपर्यंत."

"मंग त्याची काड. पावला ती पावला."

मी मूठ टेकवली. माझं पाऊल जरा वाकडं आलं.

सगळं झाल्यावर काकीने धोतराचं टोक धरून ठेवलं, सोडेना. "गावाचा नाव घालाचा नाय. नि एक सांग. ही कंय जानार?"

मी परदेशातल्या मेळाव्याचं सांगितलं.

"पोचली का नाय, ती आमाला कलवाचा. आमचे अंगठे ऑफिसान जेले, नि मंग काय झाला ती कोनी येऊन सांगला नाय. तू सांगशील?"

"सांगेन काकी."

"बोल्लास हां," ती म्हणाली आणि टोक सोडलं.

वाशी

फेरी वाशीला संपली. माधुरीचं घर तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या जिन्यात प्रत्येक दार बंद आणि प्रत्येक दाराला घंटी. मी घंटी वाजवायच्या आधी चपला कुठे काढाव्यात या विचारात इतका वेळ उभा राहिलो की शेजारणीने दार उघडून विचारलं, कोण पाहिजे. माधुरीच्या आईने पोहे केले, वर ओलं खोबरं. मग मशीनवर बसून त्यांनी सगळी कापडं एकाला एक जोडली. माझ्या धोतराशी आल्या तेव्हा हात थांबला. "अगोबाई, पावलं!" म्हणाल्या. मग मशीन अगदी हळू चालवलं, एकाही पावलावरून टीप जाऊ दिली नाही. "उन्हात नका हं टाकू कुठे. हळद उडते," असं त्यांनी तीनतीनदा बजावलं.

चादर गटातल्या एका मुलाच्या स्वाधीन झाली, तो मेळाव्याला जाणार होता. मी एसटीने घरी आलो. कपड्यांना हळदीचे डाग होते, आई म्हणाली कुणाचं लग्न होतं? मी म्हणालो, होतं एक.

घरी

वैशाख गेला. मेळावा होऊन गेला असणार. मी माधुरीला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं की चादर घेऊन गेलेला मुलगा तिकडेच पुढे शिकायला राहिला आहे, त्याचा पत्ता मिळवते आहे. श्रावणात पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा आमच्या गल्लीपलीकडच्या घरांत पावलं उमटली आणि मला घरातून बाहेर पडावंसं वाटेना. काकीही त्या दिवशी उंबऱ्याशी बसून पावलं काढत असेल, आणि तिच्या मनात काय येत असेल ते मला ठाऊक होतं. आणखी एक आला, घेऊन गेला, आणि मंग काय झाला ती सांगला नाय.

थंडी पडू लागली तेव्हा रेडिओवर बातमी लागली. जगातल्या दोन सर्वांत बलाढ्य देशांनी एका प्रकारची अण्वस्त्रं मोडीत काढायचं कबूल केलं होतं. सरांनी वर्गात टेबलावर थाप मारली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला मनापासून आनंद झाला, आणि टाळ्या वाजवताना आपल्या हातांकडे पाहून लगेच काकीला दिलेला शब्द आठवला.

आणि मग मागच्या आठवड्यात दिनेशचं आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर त्याचं, पण सांगणारी वेगळी, हे पहिल्या ओळीलाच कळलं. तो मुलगा सुट्टीत परत आला होता आणि त्याने फोटो आणला होता. माधुरीने मला कळवण्याआधी तो घेऊन थेट काकीचं घर गाठलं होतं. अट काकीची होती, मग पहिला मान तिचाच, असं तिला वाटलं. मला ते बरोबर वाटतं. पत्रातला शेवटचा भाग जसाच्या तसा देतो.

"तू कलवनार होतास. आता आमीच कलवताव. चादर पोचली. मोठे भिंतीवर लावलेली हाय, पुडं गोऱ्या बाया उब्या हायत, एकजन आमचे पावलांवर बोट दाखवतेय. हलद थोरी उडली, पन पावला दिसतात. बाबांचा रेडा पन दिसतो. तुजी तेलाची वाट पन. रेडिओवर बॉम्ब मोडनार बोलतात, धर्माबाबा सगल्यांना सांगतात आमचेमुलंच. मी कायच बोल्ली नाय. तुजी जिम्मेदारी फिटली. परत आलास का चिंबोरी खा. नि आता घरी जाऊन तुजे आयशीला सांग, तिचा अंगठा कंय जेला ती. तिना इचारला नाय तरी सांग."

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी चुलीशेजारी बसून पत्र पहिल्यापासून वाचलं, जिथे बोली अडली तिथे अर्थ सांगत. मेळावा, भिंत, त्या बाया. ती नेहमीसारखी नुसती ऐकेल असं मला वाटलं होतं. पण तिने थापती भाकरी परातीत ठेवली, पिठाचे हात तसेच धरले आणि माझ्याकडे वळली.

"कुठं गेला म्हनलास माझा अंगठा? नीट सांग बरं."